मासा नर्मदेत सोडू नये

मी, श्रीमती पद्मजा शरच्चंद्र वझलवार, वय वर्षे एकाहत्तर, मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेली रसायनशास्त्राची शिक्षिका, राहणार गढा, जबलपूर, आज आपल्या घरी, आपल्याच टेबलाशी, सकाळचा चहा झाल्यावर हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा धाक नाही. आग्रह पुष्कळांचे आहेत, पण त्यांना मी बधलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, तेव्हा कोणी दुसरा कागद पुढे केला तर तो खोटा समजावा.

ओमती बाजारातले वकील म्हणाले होते की हिंदीत लिहा, कचेरीत सोपे जाते. मी म्हटले, "वकील साहब, झगडे मैंने सब मराठी में किए हैं, वसीयत भी मराठी में ही होगी. अनुवाद आप करा लीजिए." त्यांनी हात जोडले.

मी शुद्धीवर असल्याचा डॉ. प्रसन्न मुळे यांचा दाखला सोबत जोडला आहे. तो कसा मिळाला तेही लिहून ठेवते, कारण उद्या शंका निघणारच. डॉक्टरांनी मला वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात वजा करत जायला सांगितले. मी विचारले, एकोणतीसचा पाढा म्हणून दाखवू का? मग त्यांनी आवाज खाली आणला.

"काकू, कोणी दिसतं वगैरे का हो?"

"दिसतात."

त्यांनी पेन खाली ठेवले. "कोण?"

"हे."

"काय करतात?"

"खुर्चीत बसतात. माशाकडे बघतात."

"तुमच्याशी काही बोलतात?"

"अहो, होते तेव्हा तरी कुठे बोलत होते?"

डॉक्टर ह्यांना चांगले ओळखत. त्यांनी पेन उचलले आणि दाखला लिहून दिला. तेव्हा सर्व संबंधितांनी ध्यानात घ्यावे की माझे डोके जागेवर आहे आणि माझे पती, जे तीन वर्षांपूर्वी कार्तिकात वारले, ते मला दिसतात. या दोन गोष्टींचे आपसात काही भांडण नाही.

१. गढ्यातले घर ह्यांनी आणि ह्यांचे थोरले बंधू कै. भय्यासाहेब यांनी मिळून बांधले. वरचा मजला भय्यासाहेबांच्या पत्नी, माझ्या थोरल्या जाऊबाई यामिनीवहिनी, यांचा आहे आणि त्यांचाच राहील. खालचा मजला माझा. आम्हांला मूल नाही. तो मजला मी वहिनींची नात, म्हणजे त्यांचा मुलगा वेदांग याची मुलगी चैत्राली, हिला देते. ती सिविल लाइंसच्या एका बँकेत लागली आहे, स्वतःच्या पायावर उभी आहे, आणि मराठी तिला समजते पण बोलताना दर तिसऱ्या शब्दाला हिंदीत घसरते. तिचे तिने सुधारावे. मजला देण्याशी याचा संबंध नाही.

२. बँकेत जे काही असेल त्यातून माझे क्रियाकर्म करावे आणि उरेल ते चैत्रालीने माशाच्या टाकीच्या विजेच्या बिलासाठी ठेवावे. लोक हसतील. हसू द्यावे.

३. माझी पुस्तके शाळेला. शाळेने नको म्हटले तर रद्दीत घालू नयेत, पुन्हा एकदा विचारावे. माझ्या दोन पैठण्यांपैकी जांभळी चैत्रालीला, हिरवी माझ्या अंगावर. पुरणाची पितळी चाळणी वेदांगला. ती त्याने इथून पुढे पुरणासाठीच वापरावी.

४. हा कागद खरे म्हणजे या कलमासाठी काढला आहे. बैठकीतली काचेची टाकी, तिच्यातले समुद्राचे पाणी, दगड, आडवी ठेवलेली मातीची कुंडी, पंप, दिवा, पाण्याचा खारेपणा मोजायचे यंत्र, टाकीसमोरची वेताची खुर्ची आणि टाकीतला एक जिवंत मासा, हे सर्व मी चैत्रालीला देते. मासा नारिंगी आहे, अंगावर काळ्या काठाचे तीन पांढरे पट्टे आहेत, बाजारात त्याला क्लाउनफिश म्हणतात. तो समुद्राच्या तळच्या प्रवाळात राहणारा आहे. तो कोणीही, कोणत्याही कारणाने, कोणाच्याही आत्म्याच्या शांतीसाठी नर्मदेत सोडू नये.

हे एवढे स्पष्ट का लिहावे लागले ते सांगते.

हे नोकरीला होते तेव्हा सरकारी प्रवास सवलत घेऊन आम्ही अंदमानला गेलो होतो. तिथे तळाला काच लावलेल्या नावेतून समुद्राचा तळ दाखवतात. हे आयुष्यभर कारखान्याच्या हिशेब खात्यात बसलेले, मान खाली घालून बोलणारे गृहस्थ. ते नावेत गुडघ्यांवर बसले आणि काचेला जवळजवळ नाक लावून राहिले. खाली एका जागी बोटांसारख्या मऊ झुपक्यात दोन नारिंगी मासे आत-बाहेर करत होते. हे म्हणाले, "पद्मजा, ते बघ, घर आहे त्यांना." नाववाला "चलो साहब, टाइम हो गया" म्हणून थकला तरी हे उठेनात. मला लाज वाटली होती. आता वाटत नाही.

जबलपूर कुठे आणि समुद्र कुठे! पण ह्यांनी निवृत्तीनंतर बैठकीत समुद्र करायचा घाट घातला. ओमतीतल्या दुकानदाराने नागपूरहून दोन छोटी पिल्ले मागवून दिली, टाकीतच जन्मलेली. पाण्याचे खाते माझ्याकडे आले. समुद्राचे पाणी म्हणजे मीठ ढवळलेले पाणी नव्हे, त्यात किती क्षार कशा प्रमाणात लागतात हे मी ह्यांना फळ्यावर लिहून शिकवले. गाळलेले पाणी, समुद्री क्षारांची पिशवी, बादली, काठी. दर आठवड्याला मी बादलीत समुद्र कालवत असे आणि हे तो टाकीत ओतत. लग्नानंतर आम्ही दोघांनी मिळून केलेले असे काम तेच पहिले, आणि ते आम्ही साठी उलटल्यावर सुरू केले.

या माशांची एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही. हे सगळे जन्मतः नर असतात. जोडीतला जो मोठा आणि भांडकुदळ तो मादी होतो, धाकटा नर राहतो. मादी मेली तर नर तिची जागा घेतो, तो स्वतः मादी होतो. आमच्यातली मोठी झाली तिचे नाव ह्यांनी बाईसाहेब ठेवले. ती टाकीत हात घातला की चावायची. धाकटा तिच्या मागे-मागे करायचा, कुंडीच्या आत तिने अंडी घातली की त्यांना पंखांनी वारा घालत बसायचा. त्याचे नाव ह्यांनी कारकून ठेवले आणि माझ्याकडे बघून हसले. ह्यांच्या विनोदांची एकूण संख्या पाहता हा मला पाठ आहे.

हे गेले ते याच खुर्चीत, दुपारी, टाकीकडे तोंड करून. मी आत होते. बाईसाहेब काचेवर तोंड आपटत होती, तो टकटक आवाज थांबेना, म्हणून मी "अहो, दाणा घाला ना तिला" म्हणत बाहेर आले. तेव्हा कळले.

यामिनीवहिनींविषयी इथे न्यायाने लिहिले पाहिजे. त्या या घराण्यात लग्न होऊन आल्या तेव्हा हे लहान होते, आई नव्हती. ह्यांना न्हाऊ घालणे, शाळेत पोचवणे, रात्री कथा सांगणे, सगळे वहिनींनी केले. हे गेले तेव्हा त्यांचा दीर गेला असे लोक म्हणाले. खरे म्हणजे त्यांचा मुलगा गेला. त्यांनी पहिल्याच दिवशी टाकीकडे बघून कपाळाला हात लावला.

"शेवटची नजर माशांवर होती गं त्याची. अंते मतिः सा गतिः. जीव अडकला असंल तर तिथंच."

त्या वेळी मला वाटले, दुःखात माणूस काहीही बोलते.

दहाव्याला नर्मदेच्या ग्वारीघाटावर पिंड ठेवला. आमच्यात बायका घाटावर जात नाहीत, मी गेले. वहिनीही आल्या. वेदांगने सगळे विधी नीट केले, त्यात मी काही खोट काढत नाही. पण कावळा शिवेना. कावळे कठड्यावर ओळीने होते, माना वाकड्या करून पिंडाकडे बघत होते, आणि एकही पुढे येत नव्हता. वेदांग म्हणाला, "काका, काकूची काळजी करू नका, आम्ही आहोत." नाही शिवला. कोणी म्हणाले, घराची वाटणी मनासारखी होईल. ह्यांच्या मनात घराची वाटणी कधी आलीच नव्हती, कावळ्यालाही ते माहीत असावे. गुरुजी दर्भाचा कावळा करायला लागले. तेवढ्यात वहिनी पदर खोचून पुढे झाल्या आणि नदीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "शरद, बाळा, तुझे मासे मी मय्येत मोकळे सोडते! जा आता!"

आणि कावळा शिवला.

मी त्याच दिवशी वहिनींना समजावले की हे समुद्राचे मासे आहेत, गोड्या पाण्यात जगत नाहीत. वहिनी म्हणाल्या, "नर्मदा शेवटी समुद्रालाच मिळते ना? जातील वाहत वाहत, पोचतील आपल्या घरी." मी शिक्षिका. आयुष्यभर मुलींच्या चुका लाल शाईने सुधारत आले, पण या वाक्याला कुठे शाई लावावी ते मला कळेना. मी एवढेच म्हटले की वहिनी, असे करू नका. त्या गप्प राहिल्या, आणि मी त्याचा अर्थ होकार असा घेतला.

तेराव्याचे जेवण झाले, पाहुणे गेले, मला डोळा लागला. वेदांगने माझ्या स्वयंपाकघरातून पुरणाची चाळणी घेतली. बाईसाहेब चाळणीवर धावून गेली, त्यामुळे ती सापडली. कारकून कुंडीत दडून बसला, तो वाचला. बाईसाहेबला टाकीच्याच पाण्यासकट तांब्याच्या कलशात घालून ते ग्वारीघाटाला गेले, नाव केली, द्रोणात दिवा सोडला, आणि तिला मय्येच्या हवाली केले. संध्याकाळी वहिनी परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बऱ्याच दिवसांनी हलका दिसत होता. "सुळ्ळकन गेली बघ!" त्या म्हणाल्या, आणि माझ्या तोंडाकडे बघून दचकल्या. "काहून रडून राहिली तू? पुण्याचं काम झालं."

वेदांगने मोबाइलवर काढलेले चित्रण मला दाखवले. त्याचा हेतू वाईट नव्हता. त्यात बाईसाहेब पाण्यात पडते, गोल फिरते, आणि नावेकडे परत येते. वहिनींचा हात पाण्यात आहे, ती त्या हाताशी येऊन थांबते. नावेतले लोक म्हणतात, "देखो देखो, नमस्कार करने आई है." ती नमस्कार करत नव्हती. तिला त्या पाण्यात श्वास येत नव्हता आणि जिथून दाणा मिळायचा त्या हाताकडे ती आली होती. मला हे त्या दिवशी कळले आणि अजून कळतेच आहे.

५. हे कलम ज्यांना पटणार नाही त्यांनी डॉक्टरांचा दाखला पुन्हा वाचावा.

बाईसाहेब गेल्यावर कारकून काही दिवस कुंडीतून बाहेर आला नाही. मग तो खायला लागला, वाढायला लागला. वर्षभरात तो तिच्याएवढा झाला. ती फिरायची त्या कोपऱ्यात तो फिरायला लागला, आणि एक दिवस काच पुसताना तो मला चावला. मी हात बाहेर काढला, बोट बघितले, आणि खुर्चीत बसून पुष्कळ वेळ रडले. गेलेल्याची जागा राहिलेल्याने घ्यायची हा त्यांच्या जातीचा नियम आहे, हे मला आधी माहीत होते. माणसांतही तसे असते हे माहीत नव्हते.

कारण त्याच सुमारास मी बिनसाखरेचा चहा घ्यायला लागले होते. मला तो कधीच आवडला नाही. हे घेत. टाकीचे पाणी उडून कमी होते, ते रोज सकाळी हे भरायचे. आता कधीकधी मी उठते तर पाणी काठोकाठ असते आणि तांब्या ओला असतो. मीच भरले असेल आणि विसरले असेन, असे मी म्हणते. खोकला मात्र ह्यांचा आहे. तो माझ्या छातीतून येतो.

संध्याकाळी बैठकीत टाकीचाच दिवा असतो. मी खुर्चीत बसते. काचेत माझे तोंड दिसायला हवे, पहिल्या वर्षी दिसतही होते. आता तिथे हे दिसतात. चष्मा कपाळावर, मान किंचित पुढे. मी हात हलवला की काचेतला हात हलतो, पण जरा उशिरा. मासा त्या कोपऱ्यात येतो आणि माझ्याकडे न बघता काचेतल्या ह्यांच्याकडे बघतो. ह्यांची मला भीती वाटत नाही. कधी वाटली नव्हती. भीती वाटते ती याची की माझे तोंड मग कुठे गेले.

चैत्राली एकदा बँकेतून परस्पर माझ्याकडे आली आणि दारातच थबकली. तिच्या हातातली भाजीची पिशवी पडली.

"काय गं?"

"कुछ नहीं आजी. मला वाटलं आजोबा बसलेत."

"अंगात त्यांचा स्वेटर आहे ना माझ्या, म्हणून."

ती माझ्याकडे बघत राहिली. "आजी, आपने स्वेटर नहीं पहना है."

मी खाली बघितले. नव्हता घातला.

तिने कांदे-बटाटे गोळा केले, माझ्याशेजारी जमिनीवर बसली आणि माशाकडे बघत म्हणाली, "याला खायला काय द्यायचं असतं?" म्हणून टाकी तिला. दुसऱ्या कोणी हा प्रश्न विचारला नाही.

६. चैत्रालीसाठी सूचना. पाणी नेहमी गाळणीच्या यंत्रातलेच घ्यावे, नळाचे नको आणि कलशातलेही नको. टाकीत तीर्थ, हळदकुंकू, निर्माल्य घालू नये. वहिनींनी एकदा घातले होते, त्याची आठवण करून द्यावी. उन्हाळ्यात पाणी तापले तर बाटल्यांत बर्फ गोठवून त्या बंदच टाकीत तरंगवाव्यात. वीज गेली की बॅटरीचा पंप लावावा आणि मग वीज मंडळाला शिव्या द्याव्यात, क्रम बदलू नये. बदली झाली तर मासा मोटारीने न्यावा. त्याला जोडीदार आणायचा असेल तर लहान आणावा, मोठा आणला तर आता बाईसाहेब झालेला कारकून त्याला मारील. खुर्ची तिच्या जागेवरून हलवू नये. बसायचे की नाही ते तिचे तिने ठरवावे.

७. आता मुख्य आक्षेपाचा निकाल. गेल्या सर्वपित्रीला यामिनीवहिनी कलश घेऊन खाली आल्या आणि टाकीसमोर उभ्या राहिल्या.

"पद्मजा, मासे सोडीन म्हटलं होतं मी. एकच सोडला. अर्धा शब्द पाळून राहिलो आपण, म्हणून शरद घरात फिरून राहिला."

"वहिनी, तुम्हांलाही दिसतात?"

"दिसत नाही. खोकला ऐकू येते वर."

"तो मी खोकते."

"तुझा खोकला मला माहीत नाही का?" त्यांनी कलश खाली ठेवला नाही. "तू त्याला अडकवून ठेवलं आहेस. सोड आता. मी म्हातारी झाले, माझ्याच्यानं पाहवत नाही."

त्या दिवशी मी त्यांना हाताला धरून वर पोचवले. पण हे वाक्य मला लागले, कारण ते निम्मे खरे आहे. त्या निम्म्यासाठी मी गेल्यावर माझा मासा मरेल. वहिनी असल्या तर वहिनी तो नर्मदेत सोडतील, नसल्या तर आईची शेवटची इच्छा म्हणून वेदांग सोडील. म्हणून मी शपथेवर लिहिते.

घाटावर सगळे मोठ्याने काहीबाही कबूल करत होते तेव्हा मी एकच गोष्ट मनात म्हणत होते. जाऊ नका. पिंड ठेवल्यापासून मी ती न थांबता म्हणत होते. जाऊ नका, जाऊ नका. कावळे येत नव्हते ते म्हणून. वहिनींनी माशांचे नाव काढले तशी माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली, "अहो, ते समुद्राचे" एवढे मी म्हणाले, आणि तेवढ्यात माझे म्हणणे तुटले. कावळा त्या फटीत शिवला. त्याचा माशांशी काही संबंध नव्हता.

घरी आल्यावर मी पुन्हा म्हणायला लागले. आजही म्हणते. भांडी घासताना म्हणते, बादलीत समुद्र कालवताना म्हणते. ह्यांनी जन्मात माझे फारसे ऐकले नाही, हे मात्र ऐकले. तेव्हा सर्वांना कळावे की हे या घरात थांबले आहेत ते माझ्या शब्दावर. माशाचा त्यात काही हात नाही. मी गेले की तो शब्द म्हणणारे कोणी उरणार नाही आणि हे आपोआप मोकळे होतील. मग मासा सोडायला काही कारण उरत नाही.

८. माझे दहावे ग्वारीघाटावर करावे. कावळा शिवला नाही तर कोणीही, कशाचेही, वचन देऊ नये. मेलेल्याला दिलेले वचन जिवंतांच्या अंगावर येते. चैत्रालीने पुढे व्हावे आणि मोठ्याने "आजी, जा" एवढेच म्हणावे. हिंदीत म्हटले तरी चालेल. तेवढ्यानेही नाही शिवला तर गुरुजींना त्यांचा दर्भाचा कावळा करू द्यावा आणि सर्वांनी घरी जाऊन जेवावे.

९. या दस्ताच्या अंमलबजावणीसाठी डॉ. प्रसन्न मुळे यांना नेमते. साक्षीदार म्हणून एक तेच आणि दुसऱ्या यामिनीवहिनी. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही असे वकिलांनी सांगितले, तेव्हाच मी वहिनींना साक्षीदार करायचे ठरवले होते. नियमाने साक्षीदाराला मजकूर वाचायची गरज नसते. पण मी त्यांना म्हटले, वाचल्याशिवाय सही घेणार नाही.

१०. हे कलम आधी ठरलेले नव्हते. वहिनींनी वाचून झाल्यावर लिहीत आहे.

वहिनी बोट ठेवून सावकाश वाचत होत्या. चाळणीपाशी त्यांनी माझ्याकडे रागाने बघितले. नावेच्या गोष्टीपाशी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "माझ्या हाताशी आली होती गं ती. मला वाटलं, शरदच आला." सातव्या कलमावर त्यांचे बोट थांबले. ते कलम त्यांनी दोनदा वाचले. डॉक्टर घड्याळ बघत होते, मी त्यांना खुणेने गप्प केले.

"हे काहून नाही सांगितलं तू?"

"तुम्ही विचारलं कुठे?"

"मीही तेच म्हणून राहिली होती."

"काय?"

"जाऊ नको रे, म्हणून. मनात. तू इकडून, मी तिकडून. जाईल कसा तो?" त्यांनी चष्मा काढला. "मग मला वाटलं, हे बरं नाही. पोराला असं धरून ठेवू नये. काहीतरी मोठ्यानं बोलावं, म्हणजे आतलं बंद पडंल. तोंडात आलं ते बोलले. मासे आले तोंडात."

तीन वर्षे मी या बाईशी मनातल्या मनात भांडत होते, भांड्यांचा आवाज मोठा करत होते, संक्रांतीचा तिळगूळ वेदांगच्या हाती वर पाठवत होते. त्या एकट्याच खऱ्या धीराच्या होत्या. ह्यांना जाऊ द्यायला हवे हे घाटावर फक्त त्यांना कळले होते, आणि तेवढ्यासाठी त्यांनी आपले मनातले म्हणणे बंद केले. त्यांची चूक झाली ती माशांच्या बाबतीत. माझी किती झाली ते मी मोजत नाही.

मी विचारले, "आणि आता? आता म्हणता का?"

"जाऊ नको?" वहिनी टाकीकडे बघत म्हणाल्या. "रोज."

मग त्या म्हणाल्या की मासा राहू दे, तो बिचारा आपल्या जागी आहे. कलश मी परत नेते. पण आज दिवेलागणीला आपण दोघी या खुर्चीसमोर बसू आणि दोघी मिळून म्हणू, जा. तू मेल्यावर कशाला, जिवंत आहेस तोवर म्हण. मी म्हटले, ठीक आहे. म्हणून सह्यांची घाई करत आहे, कारण ह्यांच्याबरोबर माझ्यातले काय काय जाईल ते ठाऊक नाही आणि संध्याकाळनंतर मला लिहिता येईल की नाही सांगता येत नाही. वहिनी म्हणतात, तू बायको आहेस, पहिल्यांदा तू म्हण. मी म्हणते, तुम्ही थोरल्या, तुम्ही ह्यांना वाढवलंत, पहिल्यांदा तुम्ही म्हणा. हा वाद सही करतेवेळीही मिटलेला नाही.

वरील सर्व मजकूर माझा असून मी तो समजून लिहिला आहे, आणि माझ्या पश्चात तो पाळला जावा.

स्थळ: गढा, जबलपूर
दिनांक: १४ डिसेंबर २०२५

(सही) पद्मजा शरच्चंद्र वझलवार

श्रीमती पद्मजाबाईंनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली आणि त्यांच्या समक्ष आम्ही आमच्या सह्या करत आहोत.

साक्षीदार:

१. (सही) डॉ. प्रसन्न मुळे, जबलपूर

२. (सही) यामिनी भय्यासाहेब वझलवार, वरचा मजला